विंडोज मारण्याआधी एवढं बघून घ्या

नमस्कार,
मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, वय ५७. गेल्या वार्षिक सभेत आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले, म्हणजे कुणीच हात वर करेना म्हणून माझं नाव पुढे केलं. आधीचे सेक्रेटरी मुलाकडे बंगळुरूला कायमचे राहायला गेले. जाताना ऑफिसची किल्ली, एक पेन ड्राइव्ह आणि "सगळं डेस्कटॉपवर आहे" एवढं एक वाक्य माझ्या हवाली करून गेले. फोनवर माझं काही अडत नाही. बिलं भरते, भिशीचा हिशोब ठेवते, नातवाला व्हिडिओ कॉल करते. पण ऑफिसच्या कॉम्प्युटरपुढे बसलं की हात आखडतात. पेन ड्राइव्ह मुलीच्या लॅपटॉपला लावला तर त्यातलं काहीच उघडेना. एक जुनी नोटीस तिच्याकडे मेलने पाठवली, तर मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं. आणि कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत माझा चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. म्हणून कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानात विचारायला गेले. तिथला मुलगा म्हणाला, "रॅम कमी पडत असेल, हार्ड डिस्क जुनी आहे, एसएसडी टाकू, विंडोज मारावी लागेल. सीमध्ये डेटा असेल तर उडेल हं काकू. बॅकअप आहे ना?" मी "हो हो" म्हणाले आणि घरी आले. मला त्यातलं काहीही कळलेलं नाही. सोमवारी सीपीयू घेऊन बोलावलंय. क्लास लावायला वेळ नाही. निदान त्याच्यासमोर मान डोलावण्याइतपत तरी समजावून सांगा.
– एक सेक्रेटरी

ताई,

मान डोलावून भागणार नाही. रॅम, एसएसडी, विंडोज यातलं काही न कळताही तुमचं काम झालं असतं, कारण तो भाग त्या मुलाचा आहे. तुमच्यासाठी होता तो शेवटचा प्रश्न, बॅकअप म्हणजे कागदांची दुसरीकडे ठेवलेली प्रत आहे का, आणि नेमकं त्यालाच तुम्ही "हो हो" म्हणून आलात. तेव्हा सोमवारचं पुढे ढकला. फोन करून सांगा, चार दिवसांनी येते. मुलगा भला दिसतो, त्याने विचारलं तरी. न विचारता फॉरमॅट मारून, म्हणजे आतलं सगळं पुसून, कॉम्प्युटर चकाचक हातात देणारेही असतात.

शब्द पुष्कळ आहेत, पण तुमच्या कामापुरते ते सगळे एकाच प्रश्नाभोवती फिरतात: माझा कागद आत्ता नेमका कुठे आहे? फोन हा प्रश्न तुम्हाला पडूच देत नाही. फोटो काढला की तो गॅलरीत दिसतो, संपलं. कॉम्प्युटर मात्र दर वेळी विचारतो, कुठे ठेवू? हात आखडतात ते इथेच, असा माझा अंदाज. वयाचा त्यात काही संबंध नाही. फोनवर वाढलेली कॉलेजातली पोरंसुद्धा "फाइल कुठे सेव्ह केलीस?" म्हटलं की डोकं खाजवतात.

आधी खोकं. टेबलाखालच्या ज्या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो, ते कॅबिनेट. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ही आतल्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, बसवलेली जेमतेम दीड इंच चौरस चिप. सगळी आकडेमोड तीच करते. दुकानात "सीपीयू घेऊन या" म्हणतात तेव्हा डबाच न्यायचा असतो, तिथे वाद नको. पण बिलावर "सीपीयू बदलला" असं लिहिलेलं दिसलं तर काय बदललं ते जरूर विचारा. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस न्यायची गरज नाही, ते दुकानात असतात. वायरी काढण्याआधी डब्याच्या मागच्या बाजूचा फोनवर एक फोटो काढून ठेवा. परत आल्यावर कुठली वायर कुठे, हा प्रश्न त्याने सुटतो. मॉनिटरची निळ्या टोकाची जुनी वायर असेल तर तिला दोन्ही बाजूंना स्क्रू असतात. ते सोडवून काढा, ओढू नका.

शेजारचा यूपीएस म्हणजे इन्व्हर्टर नव्हे. लाईट गेल्यावर तो थोडी मिनिटं देतो, तेवढ्यात काम सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायचा. लाईटबरोबर तुमचा कॉम्प्युटरही जात असेल तर यूपीएसची बॅटरी संपली आहे. दोन-तीन वर्षांत ती दमतेच.

आता रॅम. तुम्ही नोटीस टाइप करता तेव्हा समोर दिसणारा मजकूर मॉनिटरमध्ये नसतो, मॉनिटर फक्त दाखवतो. मजकूर असतो रॅममध्ये, आणि रॅमला वीज असेपर्यंतच लक्षात राहतं. वीज गेली की ती कोरी. सेव्ह करणं म्हणजे रॅममधलं डिस्कवर, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या जागेवर, लिहून ठेवणं, एवढंच. कंट्रोल दाबून एस दाबायचं, दर परिच्छेदाला, सवयीने. वर्ड कधी कधी अर्धवट राहिलेली फाइल नंतर परत देतं. दिली तर दिली.

याच ठिकाणी सेक्रेटरी लोकांचा एक नेहमीचा घोळ सांगून ठेवतो. गेल्या वर्षीची सभेची नोटीस उघडायची, तारीख बदलायची आणि सेव्ह करायचं. नवी नोटीस तयार होते, पण गेल्या वर्षीची गेली, कारण तुम्ही तिच्यावरच लिहिलंत. पुढे ऑडिटरने जुनी मागितली की शोधाशोध. म्हणून जुनी फाइल उघडल्याबरोबर, एक अक्षरही बदलण्याआधी, "सेव्ह ॲज" करून नवं नाव द्यायचं. नावात वर्ष घाला. "नोटीस नवीन", "नोटीस नवीन फायनल", "नोटीस फायनल खरी" अशी नावं तुम्हाला त्या कॉम्प्युटरवर सापडतीलच. प्रत्येक सोसायटीत सापडतात.

रॅम किती आहे ते तुम्हीच बघू शकता. "धिस पीसी" असं लिहिलेल्या चित्रावर माऊसचं उजवं बटण दाबा, शेवटी "प्रॉपर्टीज" येईल, त्यात प्रोसेसरचं नाव आणि रॅमचा आकडा असतो. ४ जीबी असेल तर आजच्या हिशोबाने ओढाताण होते, ८ असेल तर सोसायटीच्या कामाला पुष्कळ. मात्र "वाढवू" म्हटल्यावर रॅमची कुठलीही पट्टी चालत नाही. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, मदरबोर्ड ज्या जातीचा त्याच जातीची लागते. जुन्या जातीची रॅम बऱ्याचदा वापरलेली मिळते. तेव्हा नवी की वापरलेली आणि वॉरंटी किती, हे विचारायला लाजू नका.

पण चहा होईपर्यंत कॉम्प्युटर सुरू होत नाही, हा दोष बहुतेक वेळा रॅमचा नसतो, डिस्कचा असतो. हार्ड डिस्कमध्ये खरोखरच चकत्या असतात. मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांनी त्या फिरतात आणि एक बारीक दांडी त्यांच्यावर पुढे-मागे होत हवी ती जागा शोधते. सुरू होताना विंडोजला हजारो लहान लहान फाइली वाचाव्या लागतात आणि प्रत्येकीसाठी ती दांडी हलते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिपा. म्हणून तिथे हा शोधण्याचा वेळ जवळजवळ संपतो. एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर एसएसडीवर करा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या मुलाने रॅम आधी सांगितली आणि एसएसडी नंतर. मी क्रम उलटा लावला असता. आधी एसएसडी बसवा, महिनाभर वापरा, तरीही अडखळला तर रॅमचं बघा.

किती जीबीची घ्यायची, असंही विचारतील. वर्डमधली एका पानाची नोटीस म्हणजे काही केबी, फोनने काढलेला फोटो तीन-चार एमबी. हजार केबीची साधारण एक एमबी, हजार एमबीची एक जीबी. तुमच्या सोसायटीची सगळी कागदपत्रं बहुधा एका १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मावतील, त्यामुळे २५६ जीबीची एसएसडी तुम्हाला भरपूर होते. कुणी १ टीबी घ्यायला लावली आणि घरी येऊन बघता तर ९३१ जीबीच दिसतेय, तर फसवणूक समजून भांडायला जाऊ नका. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते, त्यातला तो फरक.

आता सी आणि डी. बहुतेक कॉम्प्युटरमध्ये डिस्क एकच असते, तिचेच भाग पाडून त्यांना अक्षरं दिलेली असतात. ए आणि बी ही अक्षरं एके काळी फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉप्या गेल्या, पण मोजणी अजून सीपासूनच सुरू होते. सीवर विंडोज असते. फॉरमॅट मारतात तो सहसा फक्त सीला, डीला हात लावत नाहीत. म्हणून तो मुलगा "सीमध्ये डेटा असेल तर" म्हणाला. मात्र तुमच्या कामात डिस्कच बदलली जाणार आहे, त्यामुळे डीवरचाही कागद नव्या डिस्कवर आपोआप येणार नाही, कुणीतरी तो आणायला हवा.

आणि इथेच आधीच्या सेक्रेटरींचं ते वाक्य जड जातं. डेस्कटॉप म्हणजे टेबलावरचा कॉम्प्युटर, आणि डेस्कटॉप म्हणजे तो सुरू झाल्यावर दिसणारा पहिला पडदा, ज्यावर चित्रं मांडलेली असतात. त्यांना दुसरा अर्थ अभिप्रेत होता असं धरून चालू, कारण निम्म्या नाशिकची ऑफिसं त्या पडद्यावरच मांडलेली असतात. डोळ्यांसमोर आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं माणसाला वाटतं. प्रत्यक्षात तो पडदा हा सीवरचाच एक फोल्डर आहे: सी ड्राइव्ह, त्यात "यूजर्स", त्यात ज्या नावाने कॉम्प्युटर उघडतो ते नाव, आणि त्यात "डेस्कटॉप". "डॉक्युमेंट्स" आणि "डाउनलोड्स" हे फोल्डरही त्याच्याच शेजारी. व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेल्या पावत्या, मेलमधून घेतलेली बिलं, सगळं डाउनलोड्समध्ये साठत राहतं. म्हणजे बॅकअप न घेता सी फॉरमॅट झाला, की सर्वांत आधी जातं ते हेच.

मग पेन ड्राइव्ह का उघडला नाही? मेन रोडवर बोळाच्या तोंडाशी "दुकान आत आहे" अशी बाण काढलेली पाटी असते ना, ती पाटी उचलून मुलीच्या घरी नेली तर दुकान तिथे येत नाही. शॉर्टकटचं अगदी तसंच आहे. पडद्यावरच्या ज्या चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात छोटा वळलेला बाण असतो, ती फाइल नसते. फाइल कुठे आहे हे सांगणारी ती खूण असते, एक-दोन केबीची. आधीच्या सेक्रेटरींनी मोठ्या मायेने सगळी चित्रं पेन ड्राइव्हवर ओढली असणार, आणि त्यातले बाणच तेवढे गेले. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अशा चित्रावर उजवं बटण दाबून "ओपन फाइल लोकेशन" निवडा, ते तुम्हाला खऱ्या फाइलपाशी नेईल. कॉपी तिथून करायची.

मात्र एक शंका आधी फेडून घ्या. पेन ड्राइव्हच्या चित्रावर उजवं बटण, प्रॉपर्टीज. त्यात "यूज्ड स्पेस" बरीच दाखवत असेल, पण आत उघडून बघता नुसते बाणवाले शॉर्टकटच दिसत असतील, तर तो बहुधा पेन ड्राइव्हमधला व्हायरस. झेरॉक्सच्या दुकानांतून हा हमखास येतो. खऱ्या फाइली तो लपवतो आणि त्यांच्या जागी शॉर्टकट उभे करतो. तसं असेल तर एकाही चित्रावर क्लिक करू नका, फॉरमॅट तर मुळीच मारू नका. दुकानातल्या मुलाला दाखवा. फाइली आत असतात, परत मिळतात. आणि मुलीच्या लॅपटॉपवर तुम्ही त्यावर क्लिक केलंच असेल, तर तिलाही अँटिव्हायरस चालवायला सांगा.

आता मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं दिसण्याबद्दल. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि दुकानातला मुलगा याबद्दल तुम्हाला विचारणार नाही.

श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतींनी टाइप केलेल्या मजकुरात मराठी नसतंच. फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि खुणा. अमुक अक्षराच्या जागी "स" चं चित्र दाखव, तमुक खुणेच्या जागी काना दाखव, हे काम फाँट करतो. फाँट म्हणजे अक्षरांच्या आकारांची फाइल. तो ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथे नोटीस मराठीत दिसते. मुलीच्या लॅपटॉपवर तो नाही, म्हणून आत जे खरोखर होतं ते उघडं पडलं. युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे "क" ला जगभर एकच ठरलेला क्रमांक आहे. देवनागरीसाठी अशी सलग १२८ जागांची पट्टी राखून ठेवली आहे आणि फोन, लॅपटॉप, मोबाइल कंपनी, सरकारी पोर्टल सगळे तीच मानतात. व्हॉट्सॲपवर तुम्ही लिहिता ते मराठी युनिकोडच, म्हणून ते कुठेही वाचता येतं. गंमत म्हणून सांगतो, साध्या मजकुराच्या फाइलीत युनिकोडचं एकेक देवनागरी चिन्ह सहसा तीन बाइट खातं (हजार बाइटची साधारण एक केबी). "नाशिक" मध्ये न, काना, श, वेलांटी, क अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. रोमनमध्ये लिहिलं तर सहा. आपली भाषा डिस्कवर जागा जरा ऐसपैस घेते, घेऊ दे.

तर मुद्दा असा. तो जुना फाँट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहे, विंडोजच्या फोल्डरमध्ये, म्हणजे सीवर. विंडोज नव्याने टाकली की फाँट जाईल आणि नोटिसांच्या फाइली सुखरूप असूनही वाचता येणार नाहीत. वीस वर्षांची इतिवृत्तं हातात, आणि वाचायची कशी? म्हणून कॉम्प्युटर दुकानात जाण्याआधी जुनी इतिवृत्तं, ठराव, महत्त्वाची पत्रं एकेक करून वर्डमध्ये उघडा आणि "सेव्ह ॲज" करताना प्रकार पीडीएफ निवडा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सहसा आतच बांधले जातात, त्यामुळे ती मुलीच्या लॅपटॉपवरही मराठीतच दिसते. एखादी तिला पाठवून खात्री करा. काम कंटाळवाणं आहे, दोन दुपारी जातील. शेजारच्या इमारतीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बसवा, वडापाव खाऊ घाला. मागे यूएसबीला काडीसारखं एखादं डोंगल लावलेलं दिसलं तर ते मराठी सॉफ्टवेअरचं किंवा हिशोबाचं कुलूप असू शकतं. पेन ड्राइव्ह समजून ते कुणाला देऊ नका.

पुढच्या नोटिसा मात्र युनिकोडमध्येच करा. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीपासून असतो, फक्त भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन घ्यावा लागतो. त्याची इनस्क्रिप्ट नावाची अक्षरांची मांडणी शिकायला वेळ नसेल तर फोनवर बोलून मजकूर लिहा, स्वतःलाच मेल करा आणि कॉम्प्युटरवर वर्डमध्ये चिकटवा. यात कमीपणा काही नाही.

"विंडोज मारणे" एवढ्यात लक्षात आलंच असेल. विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टीम: डिस्क, कीबोर्ड, प्रिंटर या सगळ्यांकडून काम करून घेणारी आणि वर्ड, हिशोबाचं टॅली, इंटरनेटचं क्रोम यांना चालवणारी. ती पुसून नव्याने टाकणं म्हणजे मारणं. पण एसएसडी बसवायची म्हणजे विंडोज मारावीच लागते, असं नाही. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या एसएसडीवर करता येते, दुकानात त्याला "क्लोन" म्हणतात. मग विंडोज, फाँट, टॅली, प्रिंटर, पडद्यावरची चित्रं सगळं होतं तिथेच राहतं, फक्त वेगात. जुन्या डिस्कवर व्हायरस असेल किंवा तिच्यावर खराब जागा पडल्या असतील तर क्लोन करण्यात अर्थ नाही, तेव्हा नवी विंडोजच बरी. पण "आधी क्लोन होतं का बघा ना" हे वाक्य तुमच्या तोंडून गेलं, की तो मुलगा तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलायला लागेल, हे मी लिहून देतो.

नवी टाकायचीच ठरली तर ओरिजिनल आहे का ते विचारा. कॉम्प्युटरबरोबर विंडोज १० रीतसर आलेली असेल तर तिचा परवाना बहुधा मदरबोर्डशी जोडलेला असतो. डिस्क बदलून तीच आवृत्ती पुन्हा टाकली आणि इंटरनेट जोडलं की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते, वेगळे पैसे लागत नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. कॉम्प्युटर त्याने बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या आपसूक यायच्या त्या थांबतात. ज्यावर सोसायटीचं नेट बँकिंग चालतं त्या कॉम्प्युटरला ते बरं नव्हे. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधीचा कॉम्प्युटर असेल तर ती अधिकृतपणे बसत नाही. तसं निघालं, तर एसएसडीवर पैसे घालायचे की नवं खोकंच घ्यायचं, हा प्रश्न कमिटीपुढे ठेवा. ते एकट्या सेक्रेटरीने ठरवायचं काम नाही.

आता बॅकअप. ज्या कागदाची प्रत त्या कॉम्प्युटरच्या बाहेर, दुसऱ्या एखाद्या ठिकाणी आहे, त्याचाच बॅकअप आहे. डीवर कॉपी केली तर तो बॅकअप नव्हे, कारण डिस्क तीच. नवा पेन ड्राइव्ह आणा, त्यावर "सोसायटी" नावाचा एक फोल्डर करा आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर त्यात कॉपी करा. डीवर काही असेल तर तेही. कॉपी करा, कट नको. कट केलं की मूळ ठिकाणचं जातं आणि मध्येच लाईट गेली तर इकडचं ना तिकडचं. सभासदांच्या आय आणि जे नमुन्याच्या नोंदवह्या, इतिवृत्तं, ऑडिट अहवाल, बँकेची विवरणपत्रं हे त्यात आलंय का, ते नावानिशी बघा. मग तो पेन ड्राइव्ह मुलीच्या लॅपटॉपला लावून चार-पाच फाइली प्रत्यक्ष उघडून बघा. उघडून बघितल्याशिवाय "हो हो" म्हणायचं नाही. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल सहसा रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी प्रत क्लाउडवर. हा ढग वगैरे काही नसून दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या कॉम्प्युटरवर भाड्याने किंवा फुकट मिळालेली जागा आहे. गूगलच्या एका खात्याला १५ जीबी फुकट मिळते. सोसायटीच्या नावाने वेगळं खातं काढा. स्वतःच्या खात्यात ठेवलंत तर पुढचा सेक्रेटरी येईल तेव्हा तुम्हीही त्याला एखादं वाक्य देऊन मोकळ्या व्हाल.

टॅलीवर हिशोब असेल तर तो या तीन फोल्डरांत सापडणार नाही. टॅली आपला डेटा स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते, आणि तोही बहुधा सीवरच. हिशोब लिहिणाऱ्या अकाउंटंटना फोन करून टॅलीतूनच बॅकअप काढायला सांगा आणि तो कुठे ठेवला ते विचारून घ्या. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आणि हिशोबच उडालेले, ही वेळ नको. क्रोममध्ये साठवलेले पासवर्डही बघा. बँकेचा, वीजबिलाचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही, तो क्रोमच भरत असतो, हे विंडोज मारल्यावर कळून उपयोग नाही. प्रिंटरचं मॉडेल लिहून न्या. नव्या विंडोजला त्या प्रिंटरशी बोलता यावं म्हणून ड्रायव्हर नावाचं छोटं सॉफ्टवेअर लागतं, ते दुकानातूनच टाकून घ्या.

एवढं झालं की मग जा. एसएसडी कुठल्या कंपनीची आणि वॉरंटी किती वर्षांची, ते बिलावर लिहून घ्या. आणि काम झाल्यावर जुनी हार्ड डिस्क मागून घ्या. "ती काय करताय काकू, भंगार आहे" असं ऐकायला मिळेल, तरी घ्या. तिच्यावर सगळ्या सभासदांचे फोन नंबर, आधारच्या प्रती, भाडेकरूंचे करारनामे आहेत, आणि साधा फॉरमॅट मारल्याने ते खरोखर पुसले जात नाहीत. डिस्क धड असेल तर तिला यूएसबीचं केसिंग घालून द्यायला सांगा, तुमची बॅकअपची तिसरी जागा तयार होईल. धड नसेल तरीही ती ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवा आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्या.